‘कुठं जात नाय!’ : टपावरच्या ओझ्याचा आढावा

लग्नसराईत पुणे-सोलापूर महामार्गावर चौफुल्याला चहाला थांबलं, की अर्ध्या तासात टपावरच्या संसारांची एक मिरवणूकच बघायला मिळते. एका सात आसनी गाडीवर लोखंडी पलंग उलटा टाकलेला, पाय आभाळाकडे. त्या चार पायांच्या मधे दुमडलेली कापसाची गादी, गादीच्या पोटात उशा, आणि या सगळ्यावरून निळ्या नायलॉनच्या दोरीचे पाच-सहा वेढे. मागच्या गाडीवर पाण्याची काळी टाकी. तिच्यामागे पुण्याला शिकायला निघालेल्या पोराची सायकल, कूलर आणि ज्वारीचं पोतं. चहा संपवून गाडीमालक उठतो, पलंगाचा पाय धरून दोनदा हिसका देतो, गादीवर थाप मारतो आणि म्हणतो, “कुठं जात नाय!”

टपावर सामान बांधण्याची आपल्याकडची सगळी चाचणी एवढीच. हाताचा हिसका फार तर दहा-पंधरा किलोचा. पुढे ताशी ऐंशी किलोमीटरच्या वेगाने वारा त्याच गादीला किती हिसका देणार आहे, याचा हिशोब त्या थापेत नसतो. टपावरच्या कॅरिअरचा हा आढावा त्या हिशोबासाठी.

बैलगाडी, एसटी आणि काळी-पिवळी

ओझं बांधण्याची विद्या आपल्याकडे कमी नव्हती. भीमाकाठच्या दौंड तालुक्यात आणि घोडनदीकाठच्या शिरूर तालुक्यात कडब्याच्या पेंड्यांनी भरलेली बैलगाडी रचणं हे कसबाचं काम होतं. जड तळाला, हलकं वर. ओझं चाकाच्या आसावर तोललेलं, नाहीतर गाडी उलाळ व्हायची आणि जू वर उचललं जायचं. वरून नाडा टाकायचा, खाली साटीला बांधायचा आणि मधे काठी घालून पीळ देत आवळायचा. दोर अंबाडीचा किंवा घायपाताचा, आणि तो वळणारे मुख्यतः मातंग समाजातले कारागीर. कोणता दोर कशाला, हे त्यांना आणि गाडीवानाला दोघांनाही ठाऊक असे. घायपाताचा दोर भिजला की आखडतो, वाळला की सैल पडतो. त्यामुळे पाऊस उघडल्यावर गाडीवान न सांगता उतरून दोर पुन्हा आवळायचा.

मग एसटी आली. १ जून १९४८ रोजी पहिली एसटी अहमदनगर-पुणे मार्गावर धावली, म्हणजे शिरूरवरूनच गेली. पुढे कित्येक वर्षं एसटीच्या टपाला कठडा आणि पाठीमागे लोखंडी शिडी असे. हमाल शिडीवरून ट्रंका, पोती, कोंबड्यांचे खुराडे, लग्नाचं रुखवत वर चढवायचा आणि कंडक्टर लगेजचं तिकीट फाडायचा. त्या टपाची रचनाच ओझ्यासाठी होती. खाली ट्रकचा सांगाडा, चौफेर कठडा, आणि रस्त्यांमुळे वेगही बेताचाच. त्यानंतर काळी-पिवळी जीप आली, कुठे तिला वडाप म्हणतात. तिच्या टपावर सामान तर चढलंच, माणसंही चढली.

अॅम्बॅसडर, प्रीमियर पद्मिनी, ओम्नी या गाड्यांच्या टपाच्या कडेला पावसाचं पाणी वाहून नेणारी पत्र्याची पन्हळ असे. कॅरिअरचे पाय तिला धरून घट्ट बसत. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीच्या डोक्यावरचं कॅरिअर तर तिच्या ओळखीचाच भाग झालं होतं. पद्मिनीचं उत्पादन थांबून वीसहून अधिक वर्षं झाली, अॅम्बॅसडर २०१४ मध्ये बंद झाली, आणि मुंबईतली शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. नव्या गाड्यांचा टप गुळगुळीत आहे, पत्रा पातळ आहे, पन्हळ गेली आहे. रस्ता चौपदरी झाला आणि वेग दुप्पट झाला. तरी बांधण्याची रीत बैलगाडीचीच राहिली आहे, तीही अर्धी. पीळ आणि तोल आपण विसरलो, थाप तेवढी लक्षात ठेवली.

टप किती पेलतो?

गाडीसोबत मिळणारी पुस्तिका आपण सहसा प्लास्टिकमधून बाहेर काढत नाही. तिच्यात टपावरच्या कमाल भाराचा आकडा असतो. बहुतेक गाड्यांसाठी तो ५० ते १०० किलोंच्या दरम्यान आढळतो. हा आकडा चालत्या गाडीचा असतो आणि त्यात कॅरिअरचं स्वतःचं वजनही धरलेलं असतं. गॅरेजमध्ये बनवलेलं पूर्ण लांबीचं लोखंडी कॅरिअर सहज वीस किलोच्या घरात जातं. गाडीची मर्यादा ७५ किलो असेल, तर उरले ५५. म्हणजे सिमेंटची एक गोणी चढवली की टप भरला. दुसरी गोणी चढवली तर मर्यादा ओलांडली, मग गाडी कितीही दणकट दिसत असो.

शिवाय टपावरचं वजन गाडीच्या एकूण क्षमतेतूनच वजा होतं. सात माणसं आत बसवून वर शंभर किलो टाकलं, तर टायर, ब्रेक आणि स्प्रिंग या तिघांवरही ओझं वाढतं. त्यात गतिरोधक वेगात ओलांडला, की टपावरच्या सामानाचा धक्का त्याच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त बसतो. टपाला पडलेले पोचे बहुधा गतिरोधकावरचेच असतात.

आणखी एक फसवी गोष्ट म्हणजे टपाच्या दोन्ही बाजूंना असणाऱ्या चांदीच्या रंगाच्या पट्ट्या. काही गाड्यांत त्या खरोखरच भार घेतात, काही गाड्यांत निव्वळ शोभेच्या असतात आणि चिकटवलेल्या किंवा दोन स्क्रूंवर बसवलेल्या असतात. कोणत्या कशासाठी, हेही पुस्तिकेतच असतं. शोभेच्या पट्टीला दोर बांधणं म्हणजे सदऱ्याच्या बटणाला बैल बांधण्यासारखं आहे. ज्यांच्या गाडीला मोठं काचेचं सनरूफ आहे, त्यांनी तर आधी कंपनीच्या केंद्रात विचारावं. कॅरिअर बसवल्यावर ते सनरूफ उघडायचं नाही, एवढं तर ठरलेलंच.

वाऱ्याचा आणि ब्रेकचा हिशोब

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ४० किलोमीटरला समोरून येणारी हवा दर चौरस मीटरला साधारण साडेसात किलोचा दाब देते. ८० ला तोच दाब सुमारे ३० किलो होतो आणि १०० ला ४७ च्या आसपास. सहा बाय चार फुटांची गादी सव्वादोन चौरस मीटरची असते. तिची पुढची कड सुटून ती वाऱ्याला आडवी उभी राहिली, तर ऐंशीच्या वेगाला दोरीवर सत्तर-ऐंशी किलोंचा ताण येतो. सुतळी तुटते ती या क्षणी. चौफुल्याला दिलेला दहा किलोचा हिसका या प्रश्नाला उत्तर देत नाही.

पाण्याच्या टाकीचं तर आणखी चमत्कारिक आहे. हजार लिटरची रिकामी टाकी पंचवीस-तीस किलोची, एक माणूस उचलतो, म्हणून ती निरुपद्रवी वाटते. पण महामार्गाच्या वेगाला वाऱ्याचा रेटा जवळपास तिच्या वजनाएवढाच होतो. त्यात शेजारून कंटेनर गेला, की त्याच्या हवेचा झोत बाजूने आदळतो. हलकं आणि मोठं सामान हे जड आणि छोट्या सामानापेक्षा अनेकदा जास्त धोक्याचं असतं, हे आपल्या अंदाजाच्या नेमकं उलट आहे.

आता ब्रेक. मालवाहतुकीच्या युरोपीय मानकात बांधणीचा साधा नियम आहे: सामान पुढच्या दिशेला त्याच्या वजनाच्या ८० टक्के, आणि बाजूंना व मागे ५० टक्के जोर सहन करील असं बांधलेलं हवं. ६० किलोंचं सामान असेल तर जोराचा ब्रेक लागल्यावर ते ४८ किलोंच्या जोराने पुढे सरकू पाहतं. आपण दोर बांधतो तो बहुतेक वेळा आडवा, डाव्या बाजूकडून उजव्या बाजूकडे. असा दोर सामानाला खाली दाबतो, पुढे जाण्यापासून अडवत नाही. अडवायचं काम मग घर्षणाने करायचं, आणि लोखंडावर प्लास्टिक किंवा रंगवलेला पत्रा यांचं घर्षण तसं कमीच. ते ०.३ धरलं तर ६० किलोंच्या वजनातून १८ किलोंचा अटकाव मिळतो. उरलेले ३० किलो अडवायला दोरांनी मिळून वरून आणखी शंभर किलोंनी दाबायला हवं. हाताने आवळलेली नायलॉनची दोरी तेवढं दाबत नाही. म्हणून एक दोर सामानाच्या पुढच्या तोंडावरून घेऊन मागच्या बाजूला ओढून बांधावा, आणि एक मागून पुढे. दाबणारा दोर वेगळा, अडवणारा वेगळा. हा सगळा आढावा एका वाक्यात लक्षात ठेवायचा असेल, तर तो याच वाक्यात आहे.

तिसरा हिशोब तोलाचा. १,३०० किलोंच्या गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण ६० सेंटीमीटरवर धरला आणि १७० सेंटीमीटर उंचीवर ७५ किलो ठेवले, तर तो मध्य सहा सेंटीमीटर वर सरकतो. दीडशे किलो ठेवले तर अकरा. आकडा लहान दिसतो, पण वळणावर उलटण्याला गाडी जो विरोध करते तो या उंचीवरच ठरतो. तुकोबांची पालखी वरवंडहून उंडवडीकडे जाताना जो रोटी घाट चढते, त्याच्या वळणांवर भरल्या टपाची गाडी नेहमीच्या वेगाने घातली, तर ती झोल खाते. स्टीअरिंग धरणाऱ्याला तो झोल आधी पोटात जाणवतो. गाडी ‘डोकंजड’ झाली असं ड्रायव्हर म्हणतात, ते अगदी बरोबर आहे.

बांधायचं कसं?

दोर निवडण्यापासून सुरुवात करू. नायलॉन मजबूत असतं, पण ताणलं की लांबतं. त्यामुळे घरून घट्ट बांधलेली दोरी यवतपर्यंत ढिली पडलेली असते. बाजारातली स्वस्त प्लास्टिकची दोरी उन्हात कुजते आणि हातात चुरा होतो. हुक असलेली रबरी दोरी ताडपत्री फडफडू नये म्हणून ठीक, पण सामान धरायला अजिबात नाही. तिचा गुणच लांबण्याचा आहे, शिवाय सुटलेला हुक डोळ्यात जाण्याचे अपघात होतात. सगळ्यात भरवशाचा तो पॉलिस्टरचा खटकेवाला पट्टा, ज्याला दुकानात रॅचेट बेल्ट म्हणतात. तो फारसा लांबत नाही, आणि खटक्याने हवा तेवढा आवळता येतो. काठी घालून पीळ देण्याचंच काम आता हा खटका करतो. चांगल्या पट्ट्यावर त्याची क्षमता छापलेली असते, ती वाचून घ्यावी.

पट्टा बांधताना मोकळ्या भागाला एक-दोन पीळ द्यावेत. सपाट राहिला तर तो वाऱ्यात थरथरतो, भोंग्यासारखा गुणगुणतो आणि घासून विरतो. उरलेलं शेपूट मोकळं सोडू नये, बांधून टाकावं. पत्र्याच्या किंवा पलंगाच्या धारदार कडेवर पट्ट्याखाली जुनी सायकल ट्यूब किंवा गोणपाट घालावं. शेवटची गाठ निरगाठच मारावी. सुरगाठ सोडायला सोपी, म्हणून वारासुद्धा ती सोडवतो.

रचना करताना जड सामान टपावर चढवूच नये. ते डिकीत किंवा मधल्या आसनाच्या पायाशी जावं. टपावर जायचं ते हलकं आणि जे आत मावत नाही ते. वर चढलेल्यातलं जड ते मधोमध, दोन्ही आडव्या दांड्यांवर तोलून. गादी न्यायची असेल तर दुमडून नव्हे, गुंडाळून, आणि ताडपत्रीत गच्च बांधून न्यावी. वाऱ्याला शिरायला पुढची कड उघडी राहू देऊ नये. ताडपत्रीची घडी पुढून मागे यावी, मागून पुढे आली तर ती वाऱ्याचं तोंडच होते. शिडी, बांबू अशा लांब वस्तूंना पुढे आणि मागे गाडीच्या ओढण्याच्या हुकापर्यंत एकेक स्वतंत्र दोर हवाच.

कॅरिअर नसेल, तर खिडक्यांतून दोर आत घेऊन बांधायची आपल्याकडे रीत आहे. तिचे तोटे सगळ्यांना माहीत असून आपण पुन्हा तेच करतो. दारं उघडत नाहीत, अपघातात माणसं आत अडकतात, रबर दबतं, आणि पावसाळ्यात दोरावरून ओघळणारं पाणी थेट मांडीवर येतं. मुळात टपाच्या पत्र्यावर थेट ओझं ठेवायचंच नाही.

निघाल्यावर पहिली तपासणी लवकर करावी. दौंडहून पुण्याला निघालात तर महामार्गाला लागण्यापूर्वी पाटसला थांबा. सामान बसतं, दोर लांबतो, आणि हे पहिल्या काही किलोमीटरांतच होतं. पुढची तपासणी यवतला. वेग ८० च्या आत. चौपदरी महामार्गावर मोटारीला २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेने शंभरची मुभा दिली आहे, पण ती मोकळ्या टपाच्या गाडीला आहे असं समजावं. पुढच्या गाडीपासूनचं अंतर नेहमीच्या दीडपट ठेवावं.

उंचीचंही भान हवं. दौंड हे रेल्वेचं जंक्शन. गावातून कुरकुंभ रस्त्याला जायचं तर रेल्वेखालच्या मोरीतून जावं लागतं, आणि अशा मोऱ्या गावोगाव आहेत. टपावरच्या सामानासकट उंची किती झाली, हे टेपने मोजून कागदाच्या चिठ्ठीवर लिहून काचेसमोर लावावं. वाड्यावस्त्यांवरच्या लोंबकळणाऱ्या विजेच्या तारा तर मोरीपेक्षा वाईट. लोखंडी पलंगाचे वर केलेले पाय आणि पाइपांची टोकं नेमकी तिथेच जातात. सामान चढवता-उतरवताना डोक्यावर तार नाही ना, हे आधी बघावं.

कायदा काय म्हणतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ९३ सांगतो, की सामान गाडीच्या बाजूंच्या, पुढच्या किंवा मागच्या टोकाच्या बाहेर जाता कामा नये. २०१४ मध्ये त्यातली सळ्या-पाइप मागे बाहेर ठेवण्याची जुनी सवलतही गेली. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातील कलम १९४ मध्ये अशा बाहेर डोकावणाऱ्या सामानासाठी २० हजार रुपये दंड ठेवला, आणि जास्तीचं सामान उतरवण्याचा खर्चही चालकावर टाकला. कलम १२३ टपावर माणूस बसवायला मनाई करतं. म्हणजे ‘सामान धरून बसतो मी वर’ म्हणणारा पुतण्या हा कायद्याने गुन्हा आणि शहाणपणाने वेडेपणा आहे.

कॅरिअर बसवण्याबद्दलही कायदा गप्प नाही. कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत नोंदीशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही तरतूद काटेकोरपणे लावली. म्हणून टपाला भोकं पाडून, वेल्डिंग करून कॅरिअर बसवण्यापेक्षा कंपनीच्या सुट्या भागांच्या यादीतलं, काढता-घालता येणारं कॅरिअर घ्यावं. विमा कंपनीलाही तसं कळवावं. अपघातानंतर पहिला प्रश्न बदलांचाच येतो.

रिकामं कॅरिअर फुकट नसतं

जगात या विषयाचा मोठा उद्योग झाला आहे. स्वीडनची थुले ही कंपनी १९४२ ची, आणि टपावरच्या कॅरिअरमध्ये आज तिचं नाव सर्वत्र आहे. टपावरच्या भारवाहकांसाठी आयएसओ १११५४ असं आंतरराष्ट्रीय मानकही आहे. अमेरिकेत स्थायिक मराठी कुटुंबं सुट्टीत टपावर बंद पेटी लावून निघतात, तेव्हा त्यांनाही इंधनाचा फटका बसतो. अमेरिकी सरकारची इंधनविषयक माहिती सांगते, की मोठ्या बोथट पेटीमुळे शहरात २ ते ८ टक्के, महामार्गावर ६ ते १७ टक्के आणि ताशी १०५ ते १२० किलोमीटरला १० ते २५ टक्के मायलेज घटतं. तीच पेटी गाडीच्या मागे लावली तर महामार्गावरची घट १ ते ५ टक्क्यांवर येते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासाने टपावरच्या कॅरिअरमुळे त्या देशात वर्षाला सुमारे १० कोटी गॅलन पेट्रोल जास्त जळतं असा अंदाज काढला. त्यात वर्षभर रिकामी फिरणारी कॅरिअरंही आली.

आपल्याकडे तर लग्नाला बसवलेलं कॅरिअर दिवाळीपर्यंत टपावरच असतं, कारण ‘असू दे, लागतं’. वर्षाला १५ हजार किलोमीटर, लिटरला १८ चं मायलेज आणि रिकाम्या कॅरिअरचे फक्त पाच टक्के धरले, तरी चाळीसेक लिटर इंधन नुसत्या वाऱ्याला ढकलण्यात जातं. काम झालं की कॅरिअर उतरवून माळ्यावर टाकावं. अर्ध्या तासाचं काम आहे.

निष्कर्ष

टपावर सामान नेणं हा गुन्हा नाही, गावाकडच्या संसाराची ती गरज आहे. पण टप ही गाडीची सर्वात कमी भार पेलणारी आणि सर्वात उंच जागा आहे, आणि तिथलं ओझं सुटलं तर त्याचा मार खाणारा बहुधा मागून येणारा दुचाकीवाला असतो. गादी, सायकल, घडीच्या खुर्च्या, कपड्यांच्या बॅगा असं पन्नासेक किलोंपर्यंतचं सामान, मजबूत कॅरिअरवर, दाबणारे दोन आणि अडवणारे दोन पट्टे लावून, ऐंशीच्या आत न्यावं. पलंग, कपाट, पाण्याची टाकी, पोती आणि पाइप यांसाठी टप नाही. त्यासाठी २००५ पासून ‘छोटा हत्ती’ आहे, पिकअप आहे. दौंड, शिरूर, केडगाव, कुठल्याही चौकात ते भाड्याने उभे असतात. लग्नात मांडवावर, जेवणावर, बँडवर एवढा खर्च करतोच. त्यात पलंगासाठी एका छोट्या हत्तीचं भाडं घाला, आणि टप रिकामा ठेवून वऱ्हाडाची गाडी पुढे न्या.